पाऊस पडून गेला की तरंगती बाग पुन्हा कलते : बार्जवरील स्थानिक वनस्पतींच्या बागेतील एका हट्टी दोषाचे निवारण

नदीत बांधून ठेवलेल्या सपाट बुडाच्या जुन्या बार्जवर माती पसरून काठावरच्या स्थानिक वनस्पतींची बाग उभी केली, की पहिले काही महिने सारे सुरळीत चालते. मग एखाद्या मोठ्या पावसानंतर बार्ज एका अंगाला किंचित कललेला दिसतो. वजन इकडचे तिकडे केले की तो सरळ होतो, आठ-दहा दिवस तसाच राहतो आणि पुढच्या पावसानंतर पुन्हा कलतो. कधी त्याच अंगाला, तर कधी विरुद्ध अंगाला. याच काळात खालच्या अंगाची रोपे मुळाशी कुजू लागतात आणि वरच्या अंगाची सुकू लागतात. बाग सांभाळणारा साहजिकच सुकलेल्या रोपांना जास्त पाणी घालतो, त्या पाण्याच्या वजनाने बार्ज संध्याकाळपुरता सरळ होतो, आणि रात्रभरात ते पाणी मातीखालून उताराकडे सरकल्यामुळे सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा अधिक कललेला आढळतो.

आमच्या बार्जवर हा खेळ संपूर्ण एक पावसाळा चालला. आम्ही आधी वर उचललेल्या अंगाला काँक्रीटचे ठोकळे ठेवले, एकूण सुमारे ६०० किलो. बार्ज सरळ झाला आणि आम्ही समाधान मानले. पुढच्या जोरदार पावसात तो ज्या अंगाला ठोकळे होते त्याच अंगाला, आणि पूर्वीपेक्षा जास्त, कलला. दोष वजनाच्या वाटणीत असता तर असे झाले नसते. मूळ दोष वजनात नसून मातीखालच्या मोकळ्या पाण्यात होता आणि तो बाग बांधतानाच, निचऱ्याचा थर एकसंध ठेवल्यामुळे, आम्ही स्वतः तयार केला होता. हा लेख मुख्यतः त्या दोषाविषयी आहे. मात्र त्याच्यासारखी दिसणारी आणखी काही कारणे असतात, ती आधी वगळावी लागतात आणि त्यांचाही विचार येथे केला आहे.

मातीखाली काय घडते

छपरावरील बागेच्या पद्धतीने बांधलेल्या बहुतेक तरंगत्या बागांत डेकवर जलरोधक अस्तर, त्यावर खडीचा किंवा पोकळ पत्र्यांचा निचऱ्याचा थर, त्यावर गाळणीचे कापड आणि सर्वांत वर माती अशी रचना असते. छपरावर ती उत्तम चालते, कारण छप्पर हलत नाही. बार्ज हलतो. एका अंगाला चार माणसे उभी राहिली किंवा काठावरून येणाऱ्या फळीचे वजन त्या अंगावर पडले, तरी तो थोडासा कलतो. आणि निचऱ्याच्या थरातील पाणी क्षणार्धात नव्हे, पण तास-दोन तासांत त्या अंगाकडे वाहत जाते. तेथे साठलेले पाणी स्वतःच वजन बनते, कल वाढतो, वाढलेल्या कलामुळे आणखी पाणी तिकडे येते. विरुद्ध अंगाची निचऱ्याची छिद्रे आता वर उचललेली असल्याने कोरडी पडतात आणि सर्व पाणी खालच्या अंगाच्या छिद्रांवर अवलंबून राहते, जी नेमकी गाळाने व मुळांनी आधी बुजलेली असतात, कारण सततची ओल तेथेच असते.

जहाजबांधणीत हा परिणाम जुना आणि परिचित आहे. तरंगती वस्तू कलल्यावर तिला पुन्हा सरळ करणारा जोर कोठून येतो, याचा हिशेब फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी १७४६ मध्ये मेटासेंटर या कल्पनेने, म्हणजे कललेल्या वस्तूवरील पाण्याच्या वरच्या रेट्याची रेषा तिच्या मध्यरेषेला जेथे छेदते त्या बिंदूने, मांडला. सोप्या शब्दांत सांगायचे तर बार्ज कलला की खाली गेलेल्या अंगाचा जास्त भाग पाण्यात बुडतो, तेथे पाण्याचा वरचा रेटा वाढतो आणि बार्ज सावरतो. हा सावरण्याचा जोर रुंदीच्या घनावर अवलंबून असतो, म्हणजे रुंदी दुप्पट झाली तर तो आठपट होतो. बार्जच्या आत मोकळे वाहणारे पाणी याच नियमाने, पण उलट दिशेने काम करते. त्याचा कलवण्याचा जोरही त्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनानेच वाढतो. तरंगत्या बागेत वाफा जवळजवळ बार्जइतकाच रुंद असतो. त्यामुळे बार्जला सावरणारी रुंदी आणि त्याला कलवणारी रुंदी यांत फारसा फरक उरत नाही, आणि तिथेच सारे बिघडते.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. आमचा बार्ज १८ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे. बागेसकट तो ६० सेंटीमीटर बुडतो, म्हणजे त्याचे एकूण वजन सुमारे ५४ टन आहे. गुरुत्वमध्य तळापासून दीड मीटरवर धरला, तर कोरड्या स्थितीत मेटासेंटर त्याच्या सुमारे २.२५ मीटर वर येते. हे अंतर जितके मोठे तितका बार्ज स्थिर, आणि सव्वादोन मीटर हे भरपूर आहे. आता वाफा १६ मीटर लांब आणि ४.४ मीटर रुंद, आणि त्याच्या तळाशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळे पाणी आहे असे समजू. त्या एका गोष्टीने या अंतरातून सुमारे २.१ मीटर वजा होतात. हातात उरतात जेमतेम १५ सेंटीमीटर. पाणी किती खोल आहे याचा या वजाबाकीशी जवळजवळ संबंध नसतो; दोन-तीन सेंटीमीटरचा पातळ थरही पुरतो, कारण प्रश्न खोलीचा नसून रुंदीचा आहे.

सुदैवाने पातळ थराला एक मर्यादा असते. बार्ज पाऊण अंशाच्या आसपास कलला, की वरच्या अंगाचा तळ कोरडा पडतो, सारे पाणी खालच्या अंगाला पाचरीसारखे जमते आणि त्यापुढे कलवण्याचा जोर पूर्वीच्या वेगाने वाढत नाही. म्हणूनच असा बार्ज उलटत नाही. तो कलतो आणि एका कोनावर जाऊन थबकतो. आमच्या बाबतीत दोन टन पाणी मोकळे असताना, काठाकडच्या फळीमुळे कोरड्या दिवसांत अर्धा अंश दिसणारा कल सुमारे दीड अंशावर जाऊन थांबे. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पाच मीटर रुंदीत त्याचा अर्थ एक अंग दुसऱ्यापेक्षा १३ सेंटीमीटर खाली, असा होतो, आणि निचऱ्याच्या चार-पाच सेंटीमीटर थराच्या दृष्टीने ती दरी आहे.

वरील हिशेब पोकळ पत्र्यांच्या थराचा आहे, ज्यात जवळजवळ सारी जागा पाण्याला मोकळी असते. थर खडीचा असेल तर पाणी फक्त फटींत मावते आणि परिणाम साधारण दोन-पंचमांश इतका उरतो. आमचा थर पोकळ पत्र्यांचा होता, कारण तो हलका. वजन वाचवण्यासाठी केलेली निवडच अंगाशी आली, हे येथे मान्य केले पाहिजे.

ओळंब्याने निदान

या कामाला महागडे उपकरण लागत नाही. गवंड्याचा ओळंबा पुरतो. बार्जच्या आतल्या पोकळीत, किंवा डेकवरच्या खांबाला वाऱ्यापासून आडोसा करून, दोन मीटर लांबीच्या दोरीने ओळंबा टांगावा आणि त्याच्या टोकाखाली मोजपट्टी पक्की बसवावी. दोन मीटरच्या ओळंब्याचे टोक दीड अंशाला सुमारे ५.२ सेंटीमीटर सरकते, त्यामुळे एका मिलीमीटरचा बदलही वाचता येतो. ओळंब्याची झुलणी फार असेल तर त्याचे वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे. याच्या जोडीला बार्जच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगवाव्यात. गोड्या पाण्यात आमच्या आकाराचा बार्ज दर सेंटीमीटरला ०.९ टन वजन दाखवतो, म्हणजे त्या खुणा हाच आपला वजनकाटा ठरतो.

आता मुख्य चाचणी. निवांत सकाळी, डेकवर एक-दोनच माणसे असताना, दोर सैल करून, २०० किलो वजन मध्यरेषेपासून दोन मीटर एका अंगाला न्यावे आणि ओळंबा किती सरकतो ते लिहून ठेवावे. पाण्याने काठोकाठ भरलेले कॅन यासाठी सोयीचे पडतात. अर्धवट भरलेले नकोत. कोरड्या मातीत हीच चाचणी केली तेव्हा आमचा ओळंबा सहा-सात मिलीमीटर सरकला. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी तेच वजन, तेच अंतर, आणि ओळंबा जवळजवळ चार सेंटीमीटर सरकला, तोही लगेच नव्हे तर तासाभरात हळूहळू. वजन परत मध्यावर आणल्यावर तो पूर्वीच्या जागी परतला नाही. ही तीन चिन्हे, म्हणजे ओल्या स्थितीत कितीतरी मोठा प्रतिसाद, त्यात होणारा उशीर आणि परत न येणे, एकत्र दिसली तर मोकळ्या पाण्याचा दोष आहे असे निःशंकपणे समजावे.

दोन्ही दिवशी प्रतिसाद सारखाच आला, तर बार्जची स्थिरता शाबूत आहे आणि कलाचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे. तेव्हा सर्वप्रथम दोर पाहावेत. नदीची पातळी चढली आणि काठाकडचे दोर आखूड असले, तर ते त्या अंगाला खाली धरून ठेवतात. पातळी उतरली तर तेच दोर त्या अंगाला वर टांगून धरतात. पावसानंतर नदी चढतेच, त्यामुळे हा दोष पावसाने झाला असे वाटते, पण बागेतील पाण्याचा त्यात काहीच हात नसतो. दोर सैल करताच ओळंबा हलला, तर उत्तर मिळाले. त्यानंतर लांब बांबूने बार्जच्या दोन्ही अंगांना ठिकठिकाणी खोली मोजावी. काठाकडच्या अंगाखाली गाळ साचून बार्जचे बूड त्यावर टेकलेले असणे ही उथळ जागी वारंवार आढळणारी गोष्ट आहे, आणि टेकलेल्या बार्जवर केलेली कोणतीही चाचणी निरर्थक ठरते.

दुसरी शक्यता गळतीची. पावसाविना, दिवसागणिक, एकाच अंगाला थोडाथोडा वाढणारा कल म्हणजे बुडाच्या एखाद्या कप्प्यात पाणी शिरत आहे असे जवळजवळ नक्की समजावे. कप्पा कोरडा करून चोवीस तासांनी पुन्हा पाहिला की खात्री होते. मात्र लोखंडी बार्जचा बंद राहिलेला कप्पा उघडून थेट आत उतरू नये. गंजताना लोखंड हवेतील ऑक्सिजन शोषून घेते आणि अशा कप्प्यात माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडू शकतो. झाकण उघडून, पंख्याने बराच वेळ ताजी हवा आत सोडून, हवेतील ऑक्सिजन मोजून आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस उभा करूनच हे काम करावे. मोजण्याची सोय नसेल तर वरून टॉर्चने पाहावे आणि वरूनच पंपाची नळी सोडावी. तिसरी शक्यता, म्हणजे एका अंगाला ठेवलेली पाण्याची टाकी, अवजारांची पेटी किंवा मोठे झाड, ही डोळ्यांना दिसतेच. तिच्यावर शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

दुरुस्ती : पाण्याला लांबीच्या दिशेने वाट

मोकळ्या पाण्याचा उपाय त्याच्या कारणातच दडलेला आहे. कलवण्याचा जोर रुंदीच्या घनावर अवलंबून असल्यामुळे, निचऱ्याचा थर मध्यरेषेवर एका भिंतीने दोन भागांत विभागला, तर एकूण परिणाम चौथ्या हिश्शावर येतो; चार समान पट्ट्या केल्या तर सोळाव्या हिश्शावर. आमचे २.१ मीटरचे नुकसान चार पट्ट्यांनी सुमारे १३ सेंटीमीटरवर आले. मात्र या भिंती बार्जच्या लांबीच्या दिशेनेच गेल्या पाहिजेत. बागकाम करणाऱ्या माणसाचा ओढा नेमका उलट असतो, कारण आडवे वाफे पायवाटेवरून सांभाळायला सोपे जातात. आडव्या भिंतींनी थराचे दहा तुकडे केले, तरी प्रत्येक तुकडा पूर्ण रुंदीचाच राहतो आणि दोषात तसूभरही फरक पडत नाही. आम्ही पहिल्या दुरुस्तीत हीच चूक करणार होतो. कागदावर हिशेब मांडल्यामुळे वाचलो.

भिंत फार उंच लागत नाही. निचऱ्याच्या थरात जास्तीत जास्त जितके पाणी उभे राहू शकते त्यापेक्षा थोडी अधिक, म्हणजे साधारण १० सेंटीमीटर, पुरते. ती पूर्णपणे मातीखाली राहते, वरची माती अखंड दिसते आणि मुळांना पट्टी ओलांडून पसरता येते. आम्ही अस्तराच्याच पदार्थाची दुमड उष्णतेने जोडून, आत प्लॅस्टिकची फळी घालून भिंती केल्या. अस्तराला खिळा किंवा स्क्रू कोठेही लावू नये. भिंत अस्तराला तळाशी पूर्ण चिकटली पाहिजे. फटीतून झिरपणारे पाणी रात्रभरात पातळी सारखी करते आणि सारी मेहनत वाया जाते. त्यासाठी माती परत घालण्यापूर्वी एकाआड एक पट्टीत तीन सेंटीमीटर पाणी भरावे, एक रात्र ठेवावे आणि शेजारच्या पट्ट्या कोरड्या आहेत का ते पाहावे.

पाणी बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न भिंतींइतकाच महत्त्वाचा आहे. चारही पट्ट्यांना जोडणारी एक सामाईक नळी टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या नळीतून पाणी एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाऊ लागते आणि भिंती असून नसल्यासारख्या होतात. प्रत्येक पट्टीला स्वतंत्र मार्ग हवा, आणि तो बाजूला नव्हे तर बार्जच्या मागच्या टोकाला. लांबीच्या दिशेने बार्ज आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पटींनी स्थिर असतो. आमच्या मापांत हा फरक सुमारे एकोणीसपट भरतो. त्यामुळे १६ मीटरमध्ये पाच सेंटीमीटरचा उतार मागच्या टोकाकडे दिला, तर तेथे थोडा वेळ जमणाऱ्या पाण्याने बार्ज जाणवेल इतका बिघडत नाही, आणि पाणी वाहून जात राहते. प्रत्येक मार्गाचा व्यास किमान ५० मिलीमीटर ठेवावा आणि त्याच्या तोंडाशी डेकवरून हात घालता येईल असा उभा झाकणबंद पाइप ठेवावा, म्हणजे गाळ आणि मुळे काढता येतात. हे पाणी थेट नदीत जाते, म्हणून मातीत विरघळणारी रासायनिक खते घालण्याचा विचारही करू नये.

ज्या बार्जमध्ये माती डेकवर नसून उघड्या पोटात भरलेली असते, तेथे मातीचा तळ नदीच्या पातळीखाली असतो आणि पाणी आपोआप बाहेर पडू शकत नाही. तेथे प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला खळगा करून पंप बसवावा लागतो, आणि पंप बंद पडल्यास दिसेल किंवा ऐकू येईल असा इशारा हवा. भिंतींचा नियम मात्र तोच.

मातीचे काम करताना घाई करू नये. आमच्या एका पट्टीत ३० सेंटीमीटर जाडीची सुमारे सव्वासहा टन हलकी माती होती. बाहेरच्या एका पट्टीतील सगळी माती एकदम काढली असती, तर बार्ज विरुद्ध अंगाला चार अंशांहून अधिक कलला असता, आणि तोही माणसे फावडी घेऊन वर उभी असताना. म्हणून कोरडे दिवस निवडावेत, माती पोत्यांत भरावी, डावीकडची काही पोती उचलली की उजवीकडची तितकीच उचलावीत, आणि ओळंब्याजवळ एक माणूस बसवावा, ज्याचे काम केवळ आकडा वाचून दाखवणे हेच असेल. सर्वांनी तरंगण्याची जाकिटे घालावीत.

माती बाहेर आलीच आहे, तर तिचाही विचार याच वेळी करावा. साधी बागेची माती पाण्याने तुडुंब झाली की तिचे वजन घनमीटरला १.८ ते २ टनांपर्यंत जाते. प्यूमिस दगड किंवा भाजून फुगवलेल्या चिकणमातीचे गोळे मिसळलेले हलके मिश्रण सव्वा टनाच्या आसपास राहते. हलक्या मिश्रणातही सुकलेल्या आणि भिजलेल्या स्थितींत मोठा फरक असतो. आमच्या २१ घनमीटर मिश्रणात तो सहा-सात टन भरतो, म्हणजे केवळ मातीच्या ओलीमुळे बार्ज ऋतूगणिक सात सेंटीमीटर वरखाली होतो. हे साहजिक आहे आणि दोन्ही अंगांना सारखेच होत असेल तर त्याची काळजी करू नये.

तोलासाठी ठेवायचे कायमचे वजन, म्हणजे बॅलास्ट, हे सर्वांत शेवटचे काम आहे. भिंती झाल्यावर, माती मध्यम ओली असताना जो कल उरतो, आमच्या बाबतीत तो फळीमुळे उरलेला अर्धा अंश होता, तेवढाच बॅलास्टने काढावा. तो डेकवर नव्हे, बुडाशी ठेवावा आणि हलणार नाही असा बांधावा. मोकळे पाणी असताना बॅलास्ट ठेवणे म्हणजे आमच्या ठोकळ्यांची पुनरावृत्ती करणे होय.

वनस्पतींची बाजू

हा दोष बहुतेक वेळा आधी रोपांत दिसतो आणि म्हणूनच रोपांचा रोग समजला जातो. खालच्या अंगाची पाने पिवळी पडली, मुळांना कुजका वास आला, तर बुरशीवरचा उपाय शोधण्यापूर्वी ओळंबा पाहावा. बार्ज कललेला असेल तर मातीखाली पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही, आणि कोणतेही औषध ती हवा पुरवू शकत नाही. वरच्या अंगाची सुकलेली रोपे दाखवून बार्जवर वारा जास्त लागतो असे म्हटले जाते. वारा लागतोच, पण तो दोन्ही अंगांना लागतो.

दुरुस्तीनंतर लागवड करताना त्याच नदीच्या काठावर, पुराची रेषा आणि उन्हाळ्यातील पाण्याची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात जे उगवते, त्यातून निवड करावी. त्या वनस्पतींना काही दिवस पाण्यात उभे राहण्याची आणि नंतर काही आठवडे कोरडे राहण्याची सवय असते, आणि बार्जवरचे जीवन नेमके असेच असते. लव्हाळ्याच्या कुळातील झुबक्याने वाढणाऱ्या वनस्पती उत्तम. त्यांची मुळे दाट असतात, ती माती धरून ठेवतात आणि सरकू देत नाहीत. पाणकणीस दलदलीतून आलेले असते. निचरा होणाऱ्या पट्टीत ते रखडते, आणि ते फोफावलेले दिसले तर खाली पाणी साचते आहे असे खुशाल समजावे. आमच्या बागेत पाणकणसाचा एक झुबका आम्ही याच कामासाठी राखला आहे. बोरूसारख्या देवनळांविषयी मात्र इशारा द्यावासा वाटतो. ते जवळजवळ प्रत्येक नदीकाठी स्थानिक असतात आणि मोफत मिळतात, पण त्यांच्या जमिनीखालच्या खोडांची टोके इतकी अणकुचीदार असतात की ती अस्तर भोसकतात. अस्तरातून झिरपलेले पाणी डेकवर किंवा पोटात जाते आणि आपण बंद केलेला मोकळ्या पाण्याचा दोष एक मजला खाली पुन्हा सुरू होतो. लावायचेच असतील तर मुळांना अडवणारा जाड थर अस्तरावर हवाच. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतील आहे. इतरत्र ती स्थानिक नव्हे आणि बार्जवरून निसटून नदीत पसरते, म्हणून ती शोभेलाही आणू नये.

झाडांबद्दल अनेकांच्या मनात एक प्रसिद्ध चित्र असते. अमेरिकी कलावंत रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये रेखाटलेले, झाडांनी भरलेले तरंगते बेट २००५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रत्यक्षात आणले गेले आणि एका टगबोटीने ते मॅनहॅटनभोवती ओढून फिरवले. ते दृश्य पाहून बार्जवर जंगल उभे करावेसे वाटते. पण ते बेट काही दिवसांसाठी होते. त्याला पावसाळा काढायचा नव्हता. कायमच्या बागेत झाड लावायचे असेल तर ते बुटके, झुडूपवजा आणि मध्यरेषेवर असावे.

याउलट बांगलादेशातील पाणथळ भागांत पाणवनस्पती रचून केलेल्या तरंगत्या वाफ्यांकडे पाहावे. धाप किंवा बायरा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या वाफ्यांना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांना अस्तर नाही, तळ नाही, पावसाचे पाणी वरून येते आणि खालून निघून जाते. साठायला जागाच नसल्यामुळे आमच्या दोषाला तेथे थारा नाही. बार्जवाल्याला ती सोय नाही, पण पाणी शक्य तितक्या लवकर निघून जावे हा धडा तोच आहे.

दोष परत आला तर

भिंती घातल्यानंतरही एखाद्या वर्षी कल दिसू शकतो. बहुधा एका पट्टीचा निचऱ्याचा मार्ग बुजलेला असतो आणि फक्त त्या पट्टीत पाणी साठते. त्याची ओळख अशी, की कल नेहमी त्याच अंगाला असतो, वजनाच्या चाचणीला ओळंबा कोरड्या दिवसाइतकाच सरकतो, आणि मागच्या टोकाला चारपैकी तीनच तोंडांतून पाणी ठिबकत असते. उभ्या पाइपातून हात किंवा तार घालून मुळांचा गुंता काढला, की तासाभरात बार्ज सावरतो. गाळणीचे कापड बारीक गाळाने लिंपले गेले असेल तर मात्र पाणी मातीच्या वरच उभे राहते, आणि त्या पट्टीतील कापड बदलण्याला पर्याय नसतो.

काही बागांत कल थंडीत, किंवा पानगळीच्या काळात, पाऊस नसतानाही येतो. सुप्तावस्थेत गेलेल्या वनस्पती पाणी कमी ओढतात. एका अंगाला सदाहरित आणि दुसऱ्या अंगाला पानगळीची लागवड झाली असेल, तर एक अंग ओले आणि जड राहते. दोन्ही प्रकार दोन्ही अंगांना मिसळून लावणे एवढाच याचा उपाय आहे. मातीतील सेंद्रिय भाग कुजून पृष्ठभाग खचतो आणि भर घालणारा माणूस पायवाटेजवळच्या अंगालाच दर वर्षी चार टोपल्या जास्त टाकतो, हेही आम्ही पाहिले आहे.

कल तीन अंशांपुढे गेला, कोरड्या दिवसांत बार्जने आपणहून अंग बदलले, किंवा बागेत पाहुण्यांना प्रवेश द्यायचा ठरला, तर जहाजरचनेच्या अभियंत्याकडून स्थिरतेची तपासणी करून घेणे अपरिहार्य आहे. वीस माणसे एखादा पक्षी पाहायला एकाच कठड्याशी गोळा झाली, तर आमच्या बार्जसाठी ते दोन मीटर अंतरावर टाकलेले सुमारे १.४ टन वजन ठरते. त्याने कोरड्या स्थितीत सव्वा अंशाच्या आसपास कल येतो, आणि थर विभागलेला नसता तर पावसानंतर तोच कल दुपटीवर गेला असता.

ओळंबा आम्ही दुरुस्तीनंतर उतरवला नाही. तो पाण्याच्या नळाशेजारीच टांगलेला आहे, आणि नळी हातात घेणाऱ्याने आधी मोजपट्टीवरचा आकडा तारखेसह वहीत लिहायचा, असा नियम आहे. आकडा दोन सेंटीमीटरपलीकडे असेल, तर त्या दिवशी रोपांना पाणी घालायचे नाही आणि मागच्या टोकाला जाऊन चारही तोंडे तपासायची.